मोटारीचें चाक किती मोठें असावें?

कोंकणांत बैलगाड्या करणाऱ्या सुताराकडे गिऱ्हाईक आलें, म्हणजे तो प्रथम दोन गोष्टी विचारून घेई : गाडीवर ओझें किती घालणार, आणि ती कोणत्या वाटेनें हांकणार? या दोहोंचीं उत्तरें मिळालीं, म्हणजे मग चाकाची उंची, आऱ्यांची जाडी, तुंब्याचें लांकूड आणि लोखंडी धांवेची रुंदी तो ठरवी. चाक दिसतें कसें, हा विचार सर्वांत शेवटीं येई. आज मोटारीचीं चाकें विकणाऱ्या दुकानांत नेमका उलटा क्रम पाहावयास मिळतो. भिंतीवर टांगलेलीं चकचकीत चाकें पाहून गिऱ्हाईक आधीं डोळ्यांनीं निवड करतें. ओझें आणि वाट यांची आठवण मागाहून, बहुधा पहिल्या पावसाळ्यांत होते.

रायगडच्या किनारपट्टीस हा विषय विशेष जवळचा आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट १५ मार्च २०२० रोजीं सुरू झाली, आणि अलिबाग, रेवदंडा, मुरूड या बाजूस शहरांतील गाड्यांचा ओघ वाढला. त्या गाड्यांचीं रुंद, बुटक्या टायरांचीं मोठीं चाकें पाहून येथील तरुणांनाहि आपल्या गाडीस तशीं चाकें असावींत असें वाटूं लागलें, तर त्यांत नवल नाहीं. मोह स्वाभाविक आहे. परंतु ज्या चाकांवर सारें कुटुंब बसून जावयाचें, त्यांची निवड मोहावर सोपविणें बरें नव्हे.

एक कल्पित उदाहरण घेऊं. चौलच्या वाडींत राहणारा एक मुलगा वडिलांस म्हणतो, “अण्णा, आपल्या गाडीचीं चाकें अगदींच किरकोळ दिसतात. सतरा इंची बसवूं या.” वडील म्हणतात, “अरे, पंधराचीं सतरा केलींस, तर गाडी दोन इंच उंच होईल ना? आईला चढतां यायचें नाहीं.” मुलगा हंसतो, कारण वडिलांची समजूत चुकीची आहे. पण ती चूक कोठें आहे हें त्यालाहि नीट सांगतां येत नाहीं. तें समजून घेण्यासाठीं टायरच्या कडेवर छापलेले आंकडे वाचतां आले पाहिजेत.

टायरवर १८५/६५ आर १५ असें लिहिलेलें असतें असें समजूं. यांपैकीं १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरांत. पुढचा ६५ हा आंकडा मिलिमीटरांचा नव्हे. टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची ही रुंदीच्या शेंकडा ६५ आहे, असा त्याचा अर्थ. म्हणजे ही भिंत सुमारें १२० मिलिमीटर उंच झाली. ‘आर’ हें अक्षर रेडियल बांधणीचें, आणि १५ हा धातूच्या रिमचा व्यास, इंचांत. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यांत खालची आणि वरची अशा दोन भिंती मिळविल्या, कीं संपूर्ण चाकाचा व्यास ६२१ मिलिमीटरांच्या किंचित् वर येतो.

आतां सोळा इंची रिम घेतली आणि तिच्यावर १९५/५५ मापाचा टायर चढविला, तर भिंत १०७ मिलिमीटरांची होते आणि एकूण व्यास पुन्हां ६२१ च्या जवळपासच राहतो. सतरा इंची रिमवर २०५/४५ मापाचा टायर घेतला, तर भिंत ९२ मिलिमीटरांची आणि व्यास सुमारें ६१६. म्हणजे रिम दोन इंचांनीं वाढली, तरी गाडी उंच झाली नाहीं. उलट केसभर बसलीच. रिम वाढली ती टायरच्या भिंतीला खाऊन वाढली. वडिलांची शंका येथें फिटते. परंतु ती फिटतांच दुसरी, अधिक गंभीर शंका उभी राहते. ही जी भिंत कमी झाली, ती काय काम करीत होती?

हें कळण्यास थोडें मागें जावें लागेल. लोखंडी धांवेचें चाक दगडावर आपटलें, कीं तो धक्का थेट आंखावर आणि तेथून माणसाच्या कण्यावर येई. रबरी नळींत हवा कोंडून तिच्यावर चाक चालविण्याचें पेटंट रॉबर्ट विल्यम टॉमसन यानें १८४५ त घेतलें होतें. पण तें मागें पडलें. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं हवेचा टायर केला, आणि १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतींत मिशलँ बंधूंनीं मोटारहि हवेच्या टायरांवर धांवूं शकते हें दाखवून दिलें. या साऱ्या खटाटोपाचें सार एकच : गाडीचा भार रबर उचलीत नाहीं, रबरांत कोंडलेली हवा उचलते. रबर हें त्या हवेचें भांडें. टायरची भिंत बुटकी करणें म्हणजे तें भांडें उथळ करणें होय.

खड्ड्याच्या कांठावर चाक आदळतें, तेव्हां ही भिंत दबते, हवा आवळली जाते आणि धक्क्याचा जोर ओसरतो. दबावयास १२० मिलिमीटर असतात, तेव्हां वेळ मिळतो. ९२ च असतील, तर रिम आणि खड्ड्याचा कांठ यांच्यामध्यें टायर अडकित्त्यांत सुपारी सांपडावी तसा सांपडतो. आंतले धागे तुटतात आणि कडेवर फुगा येतो. असा फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाहीं. तो बदलावाच लागतो, कारण पुढें तो केव्हां फुटेल याचा भरंवसा नसतो. पत्र्याची रिम वांकते, आणि ती बऱ्याचदां ठोकून सरळ करतां येते. ओतीव मिश्रधातूची रिम, जिला बाजारांत अ‍ॅलॉय म्हणतात, ती पुष्कळदां तडकते, आणि तडकलेली रिम डाग देऊन वापरणें हें जिवावरचें धाडस होय.

वडखळहून अलिबागकडे येणारा रस्ता, कार्ल्याची खिंड, रेवदंड्याहून मुरूडकडे जाणारी समुद्रालगतची वाट यांचा ज्यांना परिचय आहे, त्यांना पुढचें सांगावयास नको. अलिबागेस वर्षाकांठीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. पाण्यानें भरलेला खड्डा वरून सपाट दिसतो. त्याची खोली डोळ्यांना कळत नाहीं, चाकाला कळते. मुंबई-गोवा महामार्गाचें रुंदीकरण २०११ सालीं हातीं घेतल्यानंतर वर्षानुवर्षें तेथील प्रवाशांनीं हा धडा पुनःपुन्हां गिरविला आहे. आणि गांवांत शिरल्यावर वाडीची अरुंद वाट, दोहों बाजूंस जांभ्या दगडाचा गडगा! समोरून गाडी आली, कीं चाक गडग्यास घासतें. उंच भिंतीच्या टायराचें रबर घासतें. बुटक्या टायराची रिम घासते.

रुंद टायर रस्त्याला अधिक घट्ट धरतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धी खरी आहे. माणसांसह १४०० किलो वजनाची गाडी चार चाकांवर उभी असेल, तर प्रत्येक चाकावर सरासरी ३५० किलोंचा भार येतो. टायरांत ३३ पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास सुमारें २·३ किलोंचा दाब असेल, तर तो भार पेलण्यास टायरचा साधारण १५० चौरस सेंटिमीटरांचा भाग जमिनीस टेकला पाहिजे. टायर अरुंद असो कीं रुंद असो, भार आणि हवा तीच असतील, तर टेकणारी जागा जवळजवळ तेवढीच राहते. बदलतो तिचा आकार. अरुंद टायराखालीं ती लांबट असते, रुंद टायराखालीं आखूड आणि रुंद. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर वळण घेतांना या रुंद आकाराचा आणि न लचकणाऱ्या बुटक्या भिंतीचा फायदा मिळतो, हें मान्य केलें पाहिजे; चालकाला गाडी हाताशीं अधिक तत्पर वाटते.

पावसांत मात्र हिशेब फिरतो. टायरच्या नक्षींतल्या खांचा केवळ शोभेच्या नसतात. पुढचें पाणी बाजूस सारून रबराला जमिनीपर्यंत पोहोंचविणें हें त्यांचें काम. टायर जितका रुंद, तितकें अधिक पाणी त्याला तेवढ्याच क्षणांत सारावें लागतें. तें सारलें गेलें नाहीं, तर चाक पाण्याच्या थरावर तरंगूं लागतें. अशा वेळीं चक्र फिरविलें तरी गाडी वळत नाहीं, आणि ब्रेक दाबला तरी थांबत नाहीं. खांचा झिजलेल्या असतील, तर हा धोका कमी वेगांतहि येतो. कायद्यानें मोटारीच्या टायराची खांच किमान १·६ मिलिमीटर असावी लागते. पण कोंकणच्या पावसाळ्यांत त्या किमान मर्यादेची वाट पाहत बसणें शहाणपणाचें नाहीं.

आणखी एक परिणाम डोळ्यांना दिसत नाहीं. चाकें हीं गाडीच्या स्प्रिंगांच्या खालीं असतात. स्प्रिंगांच्या वरचें ओझें स्प्रिंगा झेलतात. खालच्या ओझ्याला झेलणारी केवळ टायरमधली हवा. मोठी रिम आणि रुंद टायर यांनीं हें खालचें वजन वाढलें, कीं चाक प्रत्येक उंचवट्यावर जड हातोड्यासारखें वरखालीं होतें. शिवाय फिरतें वजन मध्यापासून दूर गेल्यानें गाडीला वेग घेण्यास आणि थांबण्यास अधिक जोर लागतो, आणि इंधनहि थोडें अधिक जळतें. मोठें अ‍ॅलॉय चाक पत्र्याच्या लहान चाकापेक्षां हलकेंच असतें, हा समज वजनकांट्यावर नेहमीं टिकत नाहीं.

याउपर ज्यांना चाक मोठें करावयाचेंच आहे, त्यांनीं निदान सहा गोष्टी पारखून घ्याव्यात.

पहिली गोष्ट एकूण व्यासाची. तो मूळ चाकाच्या शेंकडा दोन-तीनपेक्षां अधिक बदलूं नये. वरच्याच गाडीला कोणी सोळा इंची रिमवर २०५/६५ मापाचा टायर चढविला, तर व्यास ६७३ मिलिमीटर होतो, म्हणजे शेंकडा आठांनीं वाढतो. मूळ चाक एका किलोमीटरांत सुमारें ५१२ फेरे घेतें, हें नवें चाक ४७३ च घेईल. गतिमापकाला हा बदल ठाऊक नसतो; तो फेरे मोजतो. कांटा ८० दाखवील, तेव्हां गाडी ८६ च्या पुढें धांवत असेल. चाकें अडकूं न देणारी ब्रेकची यंत्रणाहि फेऱ्यांवरच विसंबते. म्हणून चारहि चाकांचा व्यास सारखा, निर्मात्याला अभिप्रेत असेल तसाच हवा.

दुसरी गोष्ट भाराची. टायरच्या मापापुढें ८८ एच यासारखी खूण असते. त्यांतला ८८ म्हणजे तो टायर ५६० किलो भार पेलूं शकतो; ८७ म्हणजे ५४५, ८४ म्हणजे ५००. अक्षर हें वेगाची मर्यादा सांगतें : टी म्हणजे ताशीं १९० किलोमीटर, एच म्हणजे २१०. नवा टायर मूळ टायरापेक्षां कमी भाराचा असूं नये. बुटका टायर घेतांना हा आंकडा हळूच खालीं उतरतो, आणि दुकानदार तो सहसा वाचून दाखवीत नाहीं. पुढें गणपतीला गांवीं जातांना पांच माणसें आणि सामान गाडींत बसतें, तेव्हां तोच आंकडा महत्त्वाचा ठरतो.

तिसरी गोष्ट बोल्टांच्या वर्तुळाची. चार बोल्ट १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आहेत कीं ९८ च्या, हें नुसत्या नजरेस कळत नाहीं. दोन मिलिमीटरांच्या फरकाचें चाक जोर लावला कीं बसल्यासारखें दिसतें. पण नट तिरपे बसतात आणि पुढें सैल होतात. त्याचप्रमाणें चाकाच्या मधलें भोंक हबवर अचूक बसलें पाहिजे. तें मोठें असेल, तर मापाचें कडें घालावें, नाहीं तर वेगांत गाडी थरथरते. नटांची बैठक निमुळती कीं गोल, हेंहि पाहावें. पत्र्याच्या चाकाचे नट अ‍ॅलॉयला चालतीलच असें नाहीं.

चौथी गोष्ट ऑफसेटची. चाकाचा हबवर टेकणारा भाग रिमच्या मध्यरेषेपासून किती सरलेला आहे, तें हें माप. तें ४५ चें ३५ झालें, तर चाक दहा मिलिमीटर बाहेर येतें, बेअरिंगवरील ताण वाढतो आणि चिखल गाडीच्या अंगावर उडूं लागतो. रिम एका इंचानें रुंद केली, तर ती दोहों बाजूंस जवळजवळ तेरा तेरा मिलिमीटर पसरते. म्हणून नवें चाक एकदां बसवून, गाडींत माणसें भरून, चक्र दोहों टोकांस पूर्ण फिरवून तें कोठें घासत नाहीं ना, हें पैसे देण्यापूर्वीं पाहावें.

पांचवी गोष्ट टायरच्या वयाची. कडेवर चार आंकड्यांची एक खूण असते. ती २३२४ असेल, तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. दुकानांत कित्येक वर्षें पडून राहिलेलें रबर नवें दिसत असलें, तरी नवें नसतें.

सहावी गोष्ट कायद्याची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींतील फेरबदलांना मर्यादा घालतें, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत ठरणारा बदल करतां येणार नाहीं, असें स्पष्ट केलें. न कळविलेल्या बदलावर बोट ठेवून अपघातानंतर विमा कंपनी भरपाईचा वाद उपस्थित करूं शकते. यावर सोपा उपाय आहे. एकाच गाडीच्या साध्या आणि महाग प्रकारांना निर्माता पुष्कळदां वेगवेगळ्या मापांचीं चाकें देतो. तीं मापें गाडीच्या पुस्तिकेंत व चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टींत दिलेलीं असतात. त्यांत मोठें माप असेल, तर तें घ्यावें. तें निर्मात्यानें स्वतः तपासलेलें असतें. नसेल, तर मोह आवरावा.

चाकें बसविल्यावर नट यंत्रानें करकचून न आवळतां जोर मोजणाऱ्या पान्यानें आंवळून घ्यावेत, आणि पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हां एकदां तपासावेत. जादा चाक जुन्याच मापाचें राहिलें असेल, तर त्याचे जुने नटहि डिकींत ठेवावेत. आडरानांत रात्रीं चाक बदलतांना त्यांची आठवण येते. समुद्रकांठच्या खाऱ्या हवेनें अ‍ॅलॉयचा मुलामा टवका उडालेल्या जागेपासून सोलूं लागतो, आणि गंजलेल्या कडेंतून हवा हळूहळू निघून जाते. म्हणून बोटीचा किंवा किनाऱ्याचा प्रवास झाला, कीं चाकें गोड्या पाण्यानें धुवावींत, आणि हवा पंधरवड्यास एकदां, टायर थंड असतांना मोजावी.

किनाऱ्याचा उल्लेख आला, तेव्हां एक प्रसंग सांगितला पाहिजे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस रेवदंड्याच्या पुळणींत फेरारी जातीची एक मोटार रुतून बसली. लोकांनीं ढकलून पाहिलें, उपयोग झाला नाहीं. अखेर तिला दोर बांधून एका बैलगाडीनें बाहेर ओढून काढलें. वर्तमानपत्रांतून ही हकीकत देशभर गेली आणि लोक पोट धरून हंसले. पण हंसण्यापेक्षां समजून घेण्यासारखें त्यांत अधिक आहे. वाळूंत इंजिनानें फिरविलेलें चाक पुढें जाण्याऐवजीं स्वतःखालचीच वाळू उपसतें आणि खालीं जातें. मग इंजिन जितकें बलवान, तितका खड्डा खोल. बैलगाडीचें चाक कांहीं ढकलीत नाहीं, तें नुसतें गडगडतें; ओढण्याचें काम बैलांचे खूर करतात, आणि खूर वाळूंत रोवून धरतात. वाळूवर टायर दबून पसरावा लागतो, आणि शर्यती गाडीच्या बुटक्या, ताठ टायराला पसरण्यास भिंतच नसते. अर्थात् उंच भिंतीचा टायर असला, म्हणून किनाऱ्यावर गाडी घालावी, असा याचा अर्थ नव्हे. दिवेआगर, हरिहरेश्वर, मारळ या किनाऱ्यांवर हिवाळ्यांत समुद्री कांसवें वाळूंत अंडीं घालतात. पुळण ही त्यांची आणि माणसांच्या पावलांची जागा आहे, चाकांची नव्हे.

मग त्या चौलच्या मुलानें काय करावें? त्याचा हौसेचा पैसा वायां जाऊं नये, हें खरेंच. निर्मात्यानें त्याच्या गाडीस सोळा इंची माप मान्य केलें असेल, तर १९५/५५ मापाचीं, पुरेशा भाराचीं चाकें त्यानें खुशाल घ्यावींत. शोभा येईल आणि भिंतहि बरीच शाबूत राहील. तसें नसेल, तर त्याच पैशांत मूळ मापाचे, पण ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारे उत्तम प्रतीचे चार टायर येतात. शेजाऱ्यांच्या तें लक्षांत येणार नाहीं. परंतु श्रावणांतल्या एखाद्या रात्रीं, कार्ल्याची खिंड उतरतांना, समोर अचानक गुरें आडवीं आलीं आणि मागच्या बैठकीवर आई डुलक्या घेत असली, तर गाडी वेळेवर थांबणें या एका गोष्टीपुढें दुसऱ्या कशाचेंच मोल नसतें.

सुताराचे ते दोन जुने प्रश्न आजहि तितकेच नवे आहेत. ओझें किती आणि वाट कोणती? यांचीं उत्तरें प्रामाणिकपणें दिलीं, कीं चाक किती मोठें घ्यावें, हें बहुतेक वेळां आपोआपच ठरतें.